भरती किती वाजता?

स्पेनमधल्या मालागाच्या त्या हॉटेलात आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. काउंटरवरच्या मुलीने दोघींचे पासपोर्ट परत दिले, खोलीची दोन कार्डं कागदी पाकिटात घातली, नाश्त्याची वेळ सांगितली आणि ‘आणखी काही?’ असं विचारताना माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. आई काउंटरच्या कडेवर दोन्ही हात टेकून उभी होती. ती मला म्हणाली, “भरती किती वाजता असा, विचार गो तिका.” मुलगी थांबली. आईने काहीतरी विचारलंय हे तिला कळलं होतं आणि मी ते इंग्रजीत सांगेपर्यंत ती भुवया जराशा उंचावून, अगदी मनापासून वाट बघत होती. आमच्या मागे पाच-सहा माणसं बॅगा घेऊन उभी होती, एक लहान मूल रडत होतं, आणि मला तो प्रश्न अस्थानी वाटला. मी म्हणाले, “काही नाही, नाश्त्याची वेळ परत विचारतेय.” मुलीने हसून बोटांनी आधी सात आणि मग दहा दाखवले. आईने मान डोलावली, ‘थँक्यू’ म्हटलं आणि आपली कापडी पिशवी खांद्याला लावली.

लिफ्टचं दार मिटल्यावर आई आरशातल्या माझ्याकडे बघत म्हणाली, “तू विचारलंसच नाय तिका.”

आवाजात राग नव्हता. मी घाईघाईने सांगितलं की भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नसतेच, असली तरी नावापुरती, त्यामुळे तिला विचारून काही उपयोग नव्हता. ते खरंही होतं. पण आपण बरोबर आहोत हे सांगताना माणसाचा आवाज जसा थोडा चढतो, तसा माझा चढला होता, आणि चौथा मजला येईपर्यंत तो माझा मलाच ऐकू येत राहिला.

खोली छान होती. ‘समोर समुद्र’ आणि ‘बाजूने समुद्र’ अशा दोन प्रकारच्या खोल्या होत्या, त्यांतली मी समोरची घेतली होती, रात्रीला थोडे जास्त पैसे मोजून. पांढऱ्या चादरी, फिकट लाकडाचं टेबल, भिंतीवर शिंपल्याचं मोठं चित्र, दाराशी कार्ड खोचल्याशिवाय न लागणारे दिवे. बाल्कनीला काचेचा कठडा, त्यापलीकडे ताडांची रांग, सायकलींची वाट, मग करड्या वाळूचा रुंद पट्टा आणि मग पाणी. उजवीकडे शिशाच्या जुन्या कारखान्याची एक उंच, एकटी चिमणी. कारखाना कधीच गेलाय, चिमणी ठेवलीय. आईने सगळं पाहून घेतलं, बाथरूममधले टॉवेल मोजले, आणि बाल्कनीचं दार सरकवलं. दार उघडताच एसी बंद पडला. तशी सोयच होती तिथे. वीज वाया जाऊ नये म्हणून दार उघडं असलं की एसी आपोआप थांबायचा. म्हणजे गारवा हवा असेल तर समुद्र ऐकायचा नाही, आणि समुद्र ऐकायचा असेल तर उकाडा सोसायचा. मी काही बोलायच्या आत आईने खुर्ची ओढून उघड्या दारात मांडली होती. पुढच्या सहा रात्री आम्ही दार उघडं ठेवूनच झोपलो.

लाटेचा आवाज तिथे येत होता, पण तो आमच्या ओळखीचा नव्हता. बारीक, सारखा, एखाद्याने शेजारच्या खोलीत सुपात तांदूळ हलवत बसावं तसा. रात्री अकराला जेवढा, तेवढाच पहाटे चारला. आई कूस बदलत होती. मला वाटलं, गरमीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो तेव्हा ट्रॅक्टर वाळू चाळून गेलेला होता, त्याच्या दातांच्या रेघा सरळ उमटल्या होत्या. पाण्यापासून चार हातांवर लोकांनी टॉवेल अंथरले होते, चपला, पुस्तकं, फोन सगळं तिथेच. आईने आपल्या चपला काढल्या आणि हातात घेऊन उलटी मागे चालत गेली. पंचवीस-तीस पावलं. तिथे ताडाच्या बुंध्याशी त्या नीट जोडीने ठेवल्या आणि अनवाणी परत आली. वाळू तापायला लागली होती, तिचे तळवे भाजत असणार. मी म्हटलं, “अगं, पाणी इथवर येत नाही. इथेच ठेव ना.” ती म्हणाली, “असू दे.” दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. साठ वर्षांपूर्वी मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्यावर तिच्या आईने, माझ्या आजीने, एकदा पाण्यात गेलेल्या चपलांवरून मारलं होतं म्हणे. पण हे कारण मला पुरेसं वाटलं नाही. ज्या समुद्राशी तुमचं नातं आहे त्याला येण्यासाठी जागा मोकळी ठेवायची असते, पाहुण्याच्या पाटासारखी. आईचे पाय ते आपोआप करत होते.

देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मध्ये माडांची जेमतेम पट्टी, त्यावर वाड्या. आईचं माहेर तिथलं. तिच्या लहानपणी घरात घड्याळ एकच होतं आणि ते बहुतेक वेळा बंद असायचं, पण दर्या वेळ सांगायचा. तिचे वडील तिथीची पाऊणपट करून भरती काढायचे. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन, पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमी, म्हणजे सहा. थोडं मागेपुढे व्हायचं, पण होडी त्या हिशोबाने सुटायची, खाडीतले मुळे, म्हणजे शिंपले, काढायला बायका त्या हिशोबाने निघायच्या, आणि पाहुणे निघायचे तेही खाडीचं पाणी बघून. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढ-उतार. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडी पडणारी जमीन दिवसातून दोनदा सगळ्यांच्या मालकीची व्हायची. कालवं खडकावरून सोडवताना कापलेल्या बोटांच्या खुणा आईच्या उजव्या हाताला अजून आहेत.

त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून मी फोनवर वाचत बसले. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरच्या जवळपास चढ-उतार करतं. मालागाला फार तर हातभर, आणि इथून पूर्वेला जावं तसं बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. कारण साधं आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीची सगळ्यांत अरुंद जागा जेमतेम चौदा किलोमीटरची. पलीकडे अटलांटिकमध्ये केवढंही पाणी चढलं तरी सहा तासांत त्या फटीतून आत येऊन येऊन किती येणार! आणि हा समुद्र स्वतःच्या बळावर मोठी भरती उठवण्याएवढा मोठा नाही. व्हेनिसजवळ आणि ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात पाणी थोडं जास्त हलतं, बाकी सगळीकडे शांत. सकाळी आईला हे सांगितलं. तिने हाताच्या ओंजळीचं तोंड लहान करून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “तोंड बारीक.” एवढ्यात तिला सगळं समजलं होतं.

मग मी त्या किनाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. सगळं काही इतकं पाण्याजवळ का आहे, हे उमगलं. छत्र्यांचे खांब वाळूत कायमचे रोवलेले. आरामखुर्च्या ओळीने, दिवसाच्या भाड्याने, जागा ठरलेल्या. चिरिंगितो म्हणजे वाळूवरच्या खानावळी, त्यांची टेबलं लाटेपासून दहा पावलांवर, पांढऱ्या टेबलक्लॉथसकट. आमचं हॉटेल, शेजारचं हॉटेल, पलीकडच्या नव्या काचेच्या इमारती, सगळ्यांनी पाण्याची रेघ कुठे आहे ते एकदा मोजलं आणि त्या विश्वासावर बांधकाम केलं. हिवाळ्यात लेव्हान्ते, म्हणजे पूर्वेचा वारा, उसळतो तेव्हा वाळू जाते, टेबलाखुर्च्यांपर्यंत पाणी येतं, पण उन्हाळ्याआधी यंत्रं लावून वाळू पुन्हा पसरतात आणि रेघ परत आपल्या जागी. देवबागला आमच्या मामाने परसातली खोली वाढवून पर्यटकांसाठी दोन खाटा, एक पंखा, वेस्टर्न कमोड अशी सोय केलीय. त्याच्या आणि दर्याच्या मध्ये आता काळ्या दगडांचा बंधारा आहे, आणि दर पावसाळ्यात तो आणि त्याची बायको उधाणाच्या रात्री जागी असतात. आईच्या लहानपणीचा माड जिथे होता तिथे आज पाणी आहे. मामाची खोली आणि माझी इथली खोली, दोन्हींच्या जाहिरातीत एकच शब्द असतो, ‘समुद्रकिनारी’.

चौथ्या दिवशी आम्ही बसने शहराच्या पूर्वेला पेद्रेगालेखोला गेलो. पूर्वीची कोळ्यांची वस्ती. बैठी घरं, त्यांच्या पुढ्यातच समुद्र, आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या लांबट, निमुळत्या होड्या. प्रत्येक होडीच्या नाळेवर एकेक डोळा रंगवलेला. आई एका डोळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. त्या होडीला खाबेगा म्हणतात, आणि मुळात खाबेगा हे एका जाळ्याचंही नाव. होडीने ते जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी दोन्ही दोरांना धरून, दोन रांगांनी, वाळूत टाचा रोवत ते ओढायचं. मी हे वाचून दाखवत होते आणि वाक्य पुरं व्हायच्या आत आई म्हणाली, “रापण!” रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने. मग तिथल्या कठड्यावर बसून तिने मला रापण सांगितली. यापूर्वी कधी एवढी सविस्तर सांगितली नव्हती. पहाटे कोण हाक मारायचं, दोर हाताला कसा चरचरीत लागायचा, जाळं जवळ आलं की पाणी चांदीसारखं उसळायचं आणि वर घारी, कावळे गोळा व्हायचे, दोराला हात लावला त्याला वाटा मिळायचा, मग ते पोर असो की म्हातारी. शाळेत जायच्या आधी ती दोराला लागायची आणि बांगडे पदरात घेऊन घरी पळायची. खाबेगाच्या जाळ्याने आता मासेमारी होत नाही, त्या होड्यांच्या फक्त शर्यती होतात. भिंतीवर सोळा जुलैच्या मिरवणुकीची पत्रकं लागली होती. त्या दिवशी दर्यावर्दींची माता, व्हिर्जेन देल कार्मेन, हिची मूर्ती खांद्यावरून समुद्रात नेतात. आई तारखा मोजून हळहळली. आमचं परतीचं विमान त्याआधीचं होतं. “नारळी पुनवेसारखा असताला,” ती म्हणाली.

तिथेच आम्ही जेवलो. चिरिंगितोच्या बाहेर वाळूने भरलेली एक छोटी होडी, तिच्यात ऑलिव्हच्या लाकडांचा विस्तव, आणि विस्तवाभोवती वाळूत तिरक्या खोचलेल्या सळ्या. एकेका सळीवर सहा तारल्या, पाठीच्या कण्याखालून ओवलेल्या. याला एस्पेतो म्हणतात. भाजणारा माणूस वारा कुठून येतोय ते बघून सळ्या सरकवत होता, म्हणजे धूर माशाला लागू नये, नुसती धग लागावी. मसाला काही नाही, जाडं मीठ फक्त. बशी आली तेव्हा मी सवयीने काटा-सुरी उचलली. आईने बोटांनी तारली मोडली, काटा शेपटीकडून अलगद वर उचलून एका ओढीत बाजूला काढला आणि माझ्या बशीत मांस ठेवलं. सळ्यांवरचा माणूस हे बघत होता. तो लांबूनच काहीतरी मोठ्याने बोलला आणि हसला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी इंग्रजीत अर्थ सांगितला. इथे एक गोष्ट सांगतात की १८८४च्या डिसेंबरात इकडे भूकंप झाला, त्यानंतर राजा बारावा आल्फोन्सो पाहणीला आला आणि शेजारच्याच एल पालोला तारल्या खायला बसला. त्याने काटा-सुरी हातात घेतली तेव्हा भाजणाऱ्या मिगेलने त्याला सांगितलं की महाराज, असं नाही, बोटांनी. आईला गोष्ट सांगितली. ती गंभीरपणे म्हणाली, “बरोबर सांगितला त्याने.” मग आपण होऊन उठली, होडीपाशी गेली आणि त्या माणसाशेजारी उभी राहून विस्तव बघत राहिली. दोघांमध्ये एकही समान शब्द नव्हता. बोलणं मात्र चाललं होतं. तिने पाण्याकडे हात करून तळवा वर-खाली केला. त्याने मान हलवली, अंगठा आणि तर्जनीत छोटंसं अंतर दाखवलं, मग मनगटावर जिथे घड्याळ असतं तिथे टिचकी मारून पश्चिमेकडे, आमच्या हॉटेलच्या दिशेला, बोट केलं आणि म्हणाला, “मेलियेरो.” दोनदा.

तिने त्याला विचारलं होतं. जे मी विचारलं नव्हतं ते.

पाचवा दिवस तेरालचा होता. तेराल म्हणजे डोंगरांवरून उतरून येणारा कोरडा, तापलेला वारा. आपल्याकडचा मतलई वारा पहाटेचा सुखद असतो, हा भट्टीचं दार उघडल्यासारखा. गंमत अशी की हा वारा सुटला की समुद्र जास्तच गार पडतो. वरचं ऊबदार पाणी वारा आत ढकलून देतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. बाहेर पावलं टाकवत नव्हती, पाण्यात घोटे ठरत नव्हते. आम्ही दुपारभर खोलीत पडून होतो, त्या दिवशी मात्र दार बंद करून. आईने बॅगेतून खाण्याची पुडी काढली. पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची होती, मुंबईहून येताना बांधलेली. चिवडा संपल्यावर तिने तो कागद फेकला नाही, तळव्याने नीट सपाट केला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवून बघत राहिली. मी वाकून पाहिलं. हवामानाचा चौकोन होता. तापमान, सूर्योदय, सूर्यास्त, आणि खाली एक ओळ. भरतीची वेळ, पाण्याची उंची.

बाबा देशावरचे, साताऱ्याकडचे. पाण्याची त्यांना भीती वाटायची, पोहता येत नव्हतं, मासे लग्नानंतर पाच वर्षांनी खायला लागले. लग्न होऊन आई डोंबिवलीच्या चाळीत आली तेव्हा पहिले काही दिवस तिला झोप लागायची नाही. रात्री लोकल थांबली की सगळं इतकं शांत व्हायचं की तिला कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. बाबांनी काय केलं, तर पेपरात भरतीची वेळ छापून येते ती शोधून काढली आणि एका सकाळी चहा पिताना तिला वाचून दाखवली. ‘भरती, दुपारी बारा वाजून सतरा मिनिटं. चार पूर्णांक एकतीस मीटर.’ डोंबिवलीच्या त्या खोलीतून गटार दिसायचं आणि समोरची चाळ. पण आईला कळायचं की आत्ता खाडीत पाणी चढतंय, आता मुळे काढायला बायका निघाल्या असतील. ते रोज वाचायला लागले. आम्ही मोठे झालो, चाळीतून फ्लॅटमध्ये गेलो, बाबा निवृत्त झाले. सकाळच्या चहाला बाबांचा आवाज, ‘आज उधाण आहे हं, चार पूर्णांक आठ.’ आई ‘हं’ म्हणायची आणि पोळ्या लाटत राहायची. मला ते इतकं सवयीचं होतं की सगळ्यांच्या घरात हे होत असेल असं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत वाटायचं. बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पेपर अजून येतो. आई तो घडीसकट रद्दीत ठेवते.

मी तो कागद तिच्या हातातून घेतला. तारीख महिन्याभरापूर्वीची होती. वाचून दाखवावा असं वाटलं, पण घशातून आवाज येईना.

त्याऐवजी मी तिला दुसरंच काहीतरी वाचून दाखवलं. या समुद्रात नद्यांनी आणि पावसाने जेवढं पाणी येतं त्याहून जास्त पाण्याची वाफ होते. तूट भरून काढायला अटलांटिकचं पाणी वरच्या थराने सतत आत येत असतं, आणि आतलं जास्त खारट, जड झालेलं पाणी तळाशी राहून बाहेर जात असतं. आणि सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी जमीन उचलली गेली, अटलांटिककडून येणाऱ्या तेव्हाच्या वाटा बुजल्या, येणं बंद झालं आणि समुद्र बराचसा आटला. तळाशी मिठाचे जाडच्या जाड थर साचले. मग सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकने बांध फोडला आणि पुन्हा सगळं भरलं. आई उशीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. झोपली असं समजून मी थांबले तेव्हा म्हणाली, “म्हंजे सहा लाख वर्षांची सुकती. नि मगे एकच भरती.” थोड्या वेळाने, “वाच पुढे.” मी तिला संध्याकाळपर्यंत काही ना काही वाचून दाखवत राहिले. मासे, वारे, जहाजांचे मार्ग. काय वाचते याला महत्त्व उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तेराल पडला आणि आम्ही खाली उतरलो. आमच्या समोरचा किनारा मिसेरिकोर्दियाचा. ऊन अजून बरंच होतं, जुलैत तिथे अंधार पडायला साडेनऊ-दहा होतात. रोजच्यापेक्षा गर्दी जास्त होती आणि एक वेगळी हालचाल चालली होती. आज्या उठून टॉवेल, पिशव्या, खुर्च्या गोळा करून वर आणत होत्या. मुलं उलट पाण्याच्या कडेला रांग धरून उभी, फळ्या हातात, नजर बंदराकडे. लांबवर एक मोठं जहाज शहराकडे चाललं होतं. कुणीतरी ओरडलं, “मेलियेरो!” आईने माझा दंड धरला. मेलिया हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं स्पेनचं शहर, तिथून रोज येणारं जहाज ते मेलियेरो. जहाज बंदराकडे गेलं. काहीच झालं नाही. काही मिनिटं तशीच गेली. मग पाणी हळूहळू मागे सरलं, ओल्या वाळूचा एक पट्टा उघडा पडला जो आम्ही पाच दिवसांत कधी पाहिला नव्हता, त्यावरचे दगड चकाकले, आणि लाट आली. एक, मग दुसरी, मग तिसरी, उंच, लांब, किनारभर एकदम. मुलं किंचाळत उलटली. पाणी टॉवेलांच्या जागा ओलांडून वर आलं, कुणाच्या तरी दोन निळ्या चपला तरंगत गेल्या, त्यामागे एक माणूस धावला. आईच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला आणि ती हलली नाही. तिच्या चपला ताडाच्या बुंध्याशी जोडीने, कोरड्या होत्या.

पाच-सात मिनिटांत सगळं शांत झालं, पण आई खूप वेळ ओल्या वाळूत उभी होती. त्या रात्री तिने कूस बदलली नाही.

निघायच्या सकाळी काउंटरवर तीच मुलगी होती. मी कार्डं परत केली. तिने बिल छापलं, सही घेतली, आणि पहिल्या दिवशीसारखंच आईकडे बघून विचारलं की सगळं ठीक होतं ना. मी म्हटलं, “माझ्या आईने आलो त्या दिवशी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. मी तो सांगितला नाही. ती विचारत होती, भरती किती वाजता असते?” मुलगी क्षणभर गप्प झाली. मग काउंटरमागून बाहेर आली. तिने सांगितलं की ती इथली नाही, अटलांटिककडच्या अंगाची, कादिझ प्रांतातल्या सानलुकारची, ग्वादालकिव्हिर नदी जिथे समुद्राला मिळते तिथली. तिथे पाणी तीन-साडेतीन मीटर चढतं. तिथे ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर घोड्यांच्या शर्यती होतात, त्यांचे दिवस ओहोटी बघून ठरवतात, कारण घोड्यांना पळायला ओली, घट्ट वाळू लागते. मालागाला नोकरीला आल्यावर पहिलं वर्षभर तिला समुद्राकडे बघून चुकल्यासारखं व्हायचं, आणि इथे सहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मी आईला हे सगळं सांगत होते, एकही शब्द न गाळता. मुलीने खिशातून फोन काढला. गावाचं भरतीचं कोष्टक तिच्या फोनवर होतं, रोज बघते म्हणाली, आई-वडील तिथेच आहेत.

“वाचायला सांग तिका,” आई म्हणाली.

मी सांगितलं. मागे माणसं बॅगा घेऊन उभी होती. मुलीने फोन जरा लांब धरला आणि सावकाश, स्पॅनिशमध्येच वाचलं, आणि मी तिच्यामागून मराठीत म्हणत गेले. भरती, पहाटे चार वाजून आठ मिनिटं, तीन पूर्णांक तीन मीटर. ओहोटी, सकाळी दहा वाजून सोळा. भरती, दुपारी चार वाजून सत्तावीस मिनिटं, तीन पूर्णांक चार.

आई ‘हं’ म्हणाली.